मायक्रो शिकायचंय? विहिरीच्या काठावरून सुरुवात करा

"इतर परिस्थिती स्थिर असताना" हे शब्द बारावीला अर्थशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाला आजही तोंडपाठ असतात. मागणीचा नियम लिहायचा, पेन्सिलीने आकृती काढायची, अक्षांना नावं द्यायची, की गुण पक्के. पण परीक्षा संपली की त्यातलं फारसं काही उरत नाही, कारण त्या आकृतीत माणूस कुठे दिसतच नाही.

मी दर रविवारी सकाळी सूक्ष्म अर्थशास्त्राचा, म्हणजे मायक्रोचा, एक छोटा वर्ग घेतो. त्यात कॉमर्सची मुलं येतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी येतात, कधी एखादा शेतकरीही येऊन बसतो. आधी मीसुद्धा आकृत्यांपासूनच सुरुवात करायचो. आता क्रम उलटा केलाय. माणूस प्रत्यक्षात कसा वागतो, हे आधी. मग त्याला न्याय्य काय वाटतं. मग त्याच्या वागण्याचा जमिनीवर, पाण्यावर काय परिणाम होतो. आणि आकृती सगळ्यात शेवटी. नव्याने शिकणाऱ्यांना हाच रस्ता लवकर पोहोचवतो, असा माझा ठाम अनुभव आहे.

साहित्य फार लागत नाही. एक दोनशेपानी वही, दहा रुपयांची दहा नाणी, थोड्या चिठ्ठ्या आणि तुमच्याबरोबर बसायला तयार असलेली आठदहा माणसं. आठवड्याला एक पायरी धरलीत तर सात आठवड्यांत पाया पक्का होतो. आणि एक पथ्य पाळा: उदाहरण एकच निवडा आणि शेवटपर्यंत सोडू नका. मी पाणी घेतो, कारण महाराष्ट्रात पाण्याचा विषय कुणालाच परका नाही.

पायरी पहिली: पुढच्या एकाचा हिशोब

सूक्ष्म अर्थशास्त्रातला सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे "सीमान्त". पुस्तकात तो सफरचंदांच्या तक्त्यातून येतो: पहिलं सफरचंद खूप समाधान देतं, दुसरं त्याहून कमी, आणि असंच पुढे. तक्ता चूक नाही, पण त्यातून शब्दाची ताकद कळत नाही. त्याऐवजी एखाद्या विहिरीवर जा आणि मोटरच्या पेटीत डोकावून बघा.

स्टार्टरच्या शेजारी बहुतेक ठिकाणी एक ऑटो स्विच जोडलेला दिसेल. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. शेतीची लाईट अनेकदा रात्री येते, आणि थंडीत दोन वाजता उठून कोण जाणार? म्हणून तो स्विच. मोटर चालू होते, पाणी पाटाने धावतं, उसाची सरी भरून वाहते, आणि मालक सकाळी सहाला येऊन बघतो तेव्हा बांधाच्या पलीकडेही चिखल झालेला असतो.

आता वहीत एकच प्रश्न लिहा: मोटर आणखी एक तास चालली तर मालकाचा खर्च किती वाढला? शेतीपंपाचं बिल मीटरवर न येता हॉर्सपॉवरवर ठरत असेल तर उत्तर शून्य. पाच हॉर्सपॉवरचा पंप दोन तास चालवा की आठ तास, बिल तेवढंच. २०२४ पासून तर राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. एकूण खर्च मोठा असेल, बोअरचं कर्जही डोक्यावर असेल, पण पुढच्या एका तासाचा खर्च काहीच नाही. माणूस निर्णय घेतो तो या पुढच्या एका तासाकडे बघून. सीमान्त खर्च म्हणजे हाच.

इथे घाईने शेतकऱ्याला दोष देऊ नका. ही पायरी शिकताना सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. "ऊस कशाला लावता, पाणी किती पितो" असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. शेतकऱ्याच्या बाजूने हिशोब मांडून बघा. उसाला एफआरपी आहे, म्हणजे रास्त व किफायतशीर दर. तो सरकार ठरवतं आणि कायद्याने कारखान्याला १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पैसे थकल्याच्या तक्रारी होतात, आंदोलनं होतात, तरी दराची किमान रेषा आखलेली असते. तूर किंवा ज्वारी घेऊन बाजार समितीत गेलेल्या माणसाच्या पायाखाली एवढी भक्कम जमीन नसते. कांद्याचं तर विचारूच नका: ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने निर्यात बंद केली आणि लासलगावात भाव कोसळले. जोखीम टाळणारा माणूस ऊस निवडतो, कारण त्याला घर चालवायचं असतं. समोरचा असं का वागला, याचं उत्तर त्याच्या जागी बसून देता येणं हीच या विषयाची पहिली कसोटी.

पायरी दुसरी: नाण्यांचा खेळ

जुन्या पुस्तकातला माणूस फक्त स्वतःचा फायदा बघतो. हे कितपत खरं, ते घरीच तपासता येतं. १९८२ मध्ये वेर्नर ग्युट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जर्मनीत एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याला अल्टिमेटम गेम म्हणतात, म्हणजे "घे नाहीतर सोड".

दोघांची जोडी करा. एकाला दहा रुपयांची दहा नाणी द्या. दुसऱ्याला त्यातली किती द्यायची हे त्याने ठरवायचं. दुसऱ्याने "हो" म्हटलं तर वाटणी तशीच होते. "नाही" म्हटलं तर दोघांनाही काही मिळत नाही. घासाघीस नाही, दुसरी संधीही नाही. ओळखीच्या माणसांत भीड आड येते, म्हणून देकार चिठ्ठीवर लिहून घ्या आणि कुणाची चिठ्ठी कुणाकडे गेली ते कळू देऊ नका. आणि नाणी खरी ठेवा. नुसत्या कल्पनेतल्या पैशांवर माणसं फार उदार होतात.

निव्वळ फायद्याचा हिशोब सांगतो की एक नाणं आलं तरी घ्यावं, कारण दहा रुपये शून्यापेक्षा जास्तच. पण जगभर हा खेळ शेकडो वेळा खेळला गेला आणि बहुतेक ठिकाणी लोक ४० ते ५० टक्के देऊ करतात. २० टक्क्यांच्या खालचे देकार वारंवार धुडकावले जातात. आमच्या वर्गात एका मुलीसमोर दोन नाण्यांची चिठ्ठी आली. तिने ती घडी घालून परत ठेवली आणि म्हणाली, "वीस रुपयांसाठी मी कुणाला ऐंशी रुपयांचा माज करू देणार नाही." स्वतःचे वीस रुपये सोडून तिने अन्यायाला शिक्षा दिली. पुढचा अर्धा तास मी काहीच शिकवलं नाही. मुलंच एकमेकांशी वाद घालत होती.

पण यावरून "माणूस मुळातच न्यायी असतो" असा निष्कर्ष काढू नका. जोसेफ हेन्रिक या मानववंशशास्त्रज्ञाने हाच खेळ पेरू देशातल्या जंगलात राहणाऱ्या माचिगुएंगा लोकांमध्ये नेला. तिथे सरासरी देकार २६ टक्क्यांच्या आसपास होता आणि नकार जवळजवळ नव्हतेच. उलट इंडोनेशियातल्या लामालेरा गावात, जिथे माणसं एकत्र होडीतून देवमाशाची शिकार करतात, लोक निम्म्याहूनही जास्त देत होते. पोट भरायला जिथे एकमेकांची गरज लागते, तिथे वाटणीची जाणही तशीच तयार होते. पुढच्या पायऱ्यांत पाणी वाटायचं आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या.

पायरी तिसरी: रास्त भाव कशाला म्हणायचं?

ही पायरी एका संध्याकाळची आहे. १९८६ मध्ये डॅनियल काहनेमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॅनडातल्या लोकांना एक साधा प्रश्न विचारला. हार्डवेअरच्या दुकानात बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला मिळतं. मोठं हिमवादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराने त्याचे २० डॉलर केले. हे योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोकांनी अयोग्य म्हटलं. पुस्तकाच्या भाषेत मागणी वाढली आणि किंमत वाढली, एवढंच घडलं होतं.

हाच प्रश्न आपल्या मातीत विचारा. तुमच्या सोसायटीत किंवा गल्लीत वीस घरांत जा. अर्ध्या घरांना विचारा: "डिझेल महागलं म्हणून टँकरवाल्याने दर वाढवला. योग्य?" उरलेल्यांना विचारा: "मे महिन्यात टंचाई आहे म्हणून टँकरवाल्याने तेवढाच दर वाढवला. योग्य?" दोन्हींत वाढ तितकीच ठेवा, नाहीतर तुलना फसेल. खर्च वाढला म्हणून दर वाढवणं लोक मान्य करतात आणि दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेणं त्यांना खुपतं, असं त्या संशोधकांना दिसलं होतं. तुमच्याकडे काय येतं, ते आकड्यात नोंदवा.

आणि खाली एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: मागणी म्हणजे गरज नव्हे. बाजारात मागणी मोजली जाते ती खिशातल्या पैशाने. बंगल्यातल्या लॉनला लागणारं पाणी ही मागणी आहे, कारण त्यामागे पैसे आहेत. वस्तीवर घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईची तहान तेवढी मागणी होत नाही. पुढे "ग्राहकाचे संतोषाधिक्य" (द्यायची तयारी असलेली किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांतला फरक) वगैरे शिकाल तेव्हा हे वाक्य विसरलात तर गणित बरोबर येईल आणि उत्तर चुकेल.

पायरी चौथी: दोन मळे, एकच झरा

इथे थांबून वेळ द्या. ही पायरी नीट समजली तर पर्यावरणाचं निम्मं अर्थशास्त्र हाती येतं.

एकाच झऱ्यावर दोन मळे आहेत असं समजा, वरचा आणि खालचा. दोघांनीही सध्याच्या विहिरीवर भागवलं तर प्रत्येकाला वर्षाला ६० हजार सुटतात. एकाने खोल बोअर घेतली आणि दुसरा थांबला, तर बोअरवाल्याला ८० हजार आणि थांबलेल्याला फक्त २०, कारण त्याची विहीर आटते. दोघांनीही बोअर घेतली तर पाणी आणखी खाली जातं, खर्च वाढतो आणि प्रत्येकाच्या हाती ३५ हजार येतात. आकडे मी सोयीसाठी धरलेत. तुमच्या गावचे आकडे घालून बघा.

आता वरच्या मळ्याच्या जागी बसा. खालचा थांबणार असेल तर बोअर घेतलेली बरी: साठपेक्षा ऐंशी जास्त. खालचा बोअर घेणार असेल तरीही घेतलेलीच बरी: विसापेक्षा पस्तीस जास्त. म्हणजे तो काहीही करो, माझं उत्तर बोअर. खालचाही असाच विचार करतो. दोघंही शहाणे, दोघंही ३५ हजारांवर. साठ समोर होते आणि कुणीच मूर्खपणा केला नव्हता. कैद्यांची कोंडी म्हणून जी गोष्ट पुस्तकात असते ती हीच. वरच्याने उपसा केल्याने खालच्याचं जे नुकसान झालं आणि जे वरच्याच्या हिशोबात कुठेच आलं नाही, त्याला बाह्य परिणाम म्हणतात. पहिल्या पायरीतला बांधापलीकडचा चिखल आठवा.

आता ग्रामसभेने बोअरला २५ हजार दंड लावला असं धरा. ऐंशीचे पंचावन्न झाले, पस्तीसचे दहा. दोन्ही बाजूंनी थांबणंच फायद्याचं ठरलं. मग दंड १८ हजारांवर आणून बघा. ऐंशीचे बासष्ट होतात, साठपेक्षा जास्त. पस्तीसचे सतरा होतात, विसापेक्षा कमी. म्हणजे समोरचा थांबला तर मी बोअर घ्यावी आणि त्याने घेतली तर मी थांबावं! आता दोघांना मिळून एकच असं उत्तर राहिलं नाही. हे स्वतः कागदावर करा, वाचून सोडू नका.

शेवटचं गणित मला सगळ्यात प्रिय आहे. दंड काढून टाका. त्याऐवजी असं धरा की समोरचा थांबलेला असताना आपण बोअर घेतली तर मनाला लागतं आणि त्या लागण्याची किंमत २५ हजार आहे. समोरच्यानेही घेतली असेल तर काही लागत नाही. आता दोघं थांबले तर कुणालाच हलावंसं वाटत नाही, कारण पंचावन्न साठपेक्षा कमी. आणि दोघांनी घेतली असेल तरीही कुणी मागे फिरत नाही. दोन्ही अवस्था टिकाऊ! गाव कुठल्या अवस्थेत जाऊन थांबेल, ते "समोरचा थांबेल" या भरवशावर ठरतं. नाण्यांच्या खेळातली न्यायाची जाणीव इथे पाण्याच्या हिशोबात उतरते.

पायरी पाचवी: कोंडी फोडलेली गावं

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने मांडलं की सामाईक कुरण शेवटी उजाडच होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ते ठिकठिकाणच्या प्रत्यक्ष उदाहरणांवर तपासलं. स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, स्पेनमधले पाट, जपानमधली गावरानं, फिलिपिन्समधल्या पाणीसंस्था. अनेक ठिकाणी लोकांनी स्वतः नियम करून सामाईक संपत्ती पिढ्यान् पिढ्या टिकवली होती. कुणाचा हक्क किती ते स्पष्ट, नियम ठरवण्यात वापरणाऱ्यांचाच हात, राखण करणारा आपल्यातलाच, आणि पहिल्या चुकीला छोटी शिक्षा, मग वाढत जाणारी. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आपल्याला त्यासाठी स्वित्झर्लंडला जायची गरज नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शतकांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एक पीक, आणि शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झळ एकट्यादुकट्याला न बसता सगळ्यांना बसते. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. न्याय इथे भाषणात नाही, जमिनीच्या मांडणीत आहे.

दुसरं उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. यातला प्रत्येक नियम घ्या आणि वहीत लिहा: याने पाण्यातून जास्त उत्पन्न निघतं का? वाटणी न्याय्य होते का? पुढच्या वर्षाला पाणी उरतं का? हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं नेहमी एका दिशेची येत नाहीत. नवखे त्यांची सरमिसळ करतात. कार्यक्षमतेचा मुद्दा मांडून न्यायाचा वाद जिंकल्यासारखं वागतात.

तिसरं हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ पासून तिथल्या कामाला लागले. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही हा नियम सगळ्यांना माहीत असतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायची, ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायची आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. चौथ्या पायरीतलं शेवटचं गणित पुन्हा काढून बघा. समोरचा थांबलाय हे आकड्यात दिसलं की आपणही थांबतो. फळ्यावरची ती पातळी भरवसा तयार करते.

पायरी सहावी: दंड, कर आणि परवाने

१९२० मध्ये अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी सांगितलं की दुसऱ्याचं जेवढं नुकसान होतं तेवढा कर लावा, म्हणजे ते कर्त्याच्या हिशोबात येईल. पुढे नुकसान करण्याचे मर्यादित परवाने देऊन त्यांचा बाजार भरवण्याची कल्पना आली. त्यासाठी सुरतकडे बघा. २०१९ पासून तिथल्या कारखान्यांच्या धुरातल्या धूलिकणांसाठी असा बाजार चालला आणि अभ्यासात प्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

पण पैशाने सगळं सुटतं असं समजण्याआधी हैफाची गोष्ट वाचा. इस्रायलमधल्या या शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. सहा पाळणाघरांनी उशिराला छोटा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता पैसे भरले की झालं. दंड काढून टाकल्यावरही ती लाज परत आली नाही. आपल्या गणितातला "मनाला लागण्याचा" २५ हजारांचा आकडा पुसून तिथे दहा रुपयांची पावती ठेवली, तर काय होईल ते तुम्हीच मांडा.

पायरी सातवी: आता आकृती काढा

आता पुस्तक उघडा. मागणी, पुरवठा, लवचिकता, समवृत्ती वक्र, मक्तेदारी, याच क्रमाने जा. गणिताची भीती नको. सुरुवातीला सरळ रेषेचा उतार पुरतो, कलनशास्त्र दुसऱ्या वर्षी. प्रत्येक आकृतीखाली पाण्याचं एक उदाहरण स्वतःच्या शब्दांत लिहा. पिण्याच्या पाण्याच्या टँकरची मागणी अलवचिक, म्हणजे भाव वाढला तरी फारशी न घटणारी, का? मीटरवरच्या बिलाऐवजी हॉर्सपॉवरवरचं बिल आलं तर पुरवठ्याची रेषा कुठे जाते? मराठी संज्ञा आणि इंग्रजी संज्ञा शेजारी-शेजारी ठेवा, पुढचं वाचन दोन्हींत करावं लागतं.

याच आठवड्यात स्वतःची एक नोंद सुरू करा. ओळखीची एक विहीर निवडा, मालकाची परवानगी घ्या. दोराला दगड बांधून हळूच सोडा, दगड पाण्याला टेकला की कठड्याच्या जागी दोराला गाठ मारा आणि वर काढून टेपने मोजा. मोटर बंद होऊन काही तास झालेले असावेत, नाहीतर आकडा चुकतो. दिवाळीनंतर एकदा मोजा, मेमध्ये पुन्हा एकदा. शेजारी त्या वर्षीचं पीक, मोटरचे रोजचे तास आणि आसपास किती नव्या बोअर झाल्या, ते लिहा. तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींचे आकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे असतात, त्यांच्याशी ताडून बघा. मग ते पान घेऊन मालकाकडे जा आणि त्यालाच विचारा, पाणी का उतरलं असेल. तो बोलेल ते मध्ये न तोडता लिहून घ्या.